भिंतीवरची इर्जिक

आमच्या चित्रकलेच्या सरांचा फोन आला तेव्हा मी मुंबईत एका चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाला उभा होतो. भाषणं लांबली होती आणि हातातला चहा गार झाला होता. "पुस्तिका तयार आहे, प्रस्तावना तेवढी राह्यली. तू लिही," सर म्हणाले, "पण पोट्ट्यायले समजन अशी लिहिजो." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. जऊळका आणि आसपासच्या गावांतून ज्यांनी ज्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या, त्यांना हा आवाज आणि फोन ठेवण्याची ही रीत चांगली ओळखीची आहे.

तेव्हा ही प्रस्तावना पोट्ट्यांसाठी. मोठ्यांनी वाचली तरी हरकत नाही.

पुस्तिकेचा विषय कळला की आमच्याकडचा माणूस जरा थबकेल. चित्रकार आणि मुद्राचित्रकार, म्हणजे चित्रं छापून काढणारे, एकत्र येऊन जी गटप्रदर्शनं भरवतात त्यांच्यावर पुस्तिका, आणि ती निघते वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातून! जऊळका हे अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या लाइनवरचं स्टेशन, म्हणून गावाला जऊळका रेल्वे म्हणायचं. २००८ मध्ये ही लाइन ब्रॉडगेज झाली. त्याआधी छोट्या गाडीत बसून सर अकोल्याला जायचे, रद्दीच्या दुकानांतून जुनी मासिकं, कॅटलॉग, इंग्रजी वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या किलोच्या भावाने उचलायचे. या पुस्तिकेचा निम्मा ऐवज त्या रद्दीतून आला आहे.

आमच्या गावांत चित्र एकटं असतं. एक भिंत, एक खिळा, त्यावर एक कॅलेंडर. वर्ष संपलं की जुन्यावरच नवं टांगायचं. देवाचं, पुढाऱ्याचं, बियाणं कंपनीच्या टपोऱ्या बोंडांचं. बरं, हे सगळं छापील. मूळ चित्र म्हणजे ज्यावर रंगाचा थर बोटाला लागतो ते, हे मी पाहिलं विसाव्या वर्षी, मुंबईत काळ्या घोड्याजवळच्या एका दालनात. दारात चपला काढल्या आणि अनवाणी आत गेलो. रखवालदाराने काही न बोलता चपला पायाने बाजूला सारल्या. आत एका नावाची चित्रं नव्हती, आठ-दहा जणांची होती. एका भिंतीवर घोडे, शेजारी नुसते पिवळे चौकोन, पलीकडे काळ्या शाईतले इवलेसे छाप. मी घाबरून गेलो. ही माणसं एकमेकांच्या शेजारी काय करताहेत? यांचं एकमेकांशी नातं काय? हा प्रश्न मला पुढे बरीच वर्षं पुरला, आणि सरांची पुस्तिका वाचताना त्याचं उत्तर आपल्याच शेतात सापडलं.

इर्जिक आता फारशी कुणी घालत नाही. ट्रॅक्टर आले, बैलजोड्या गेल्या. पण आपल्या आजोबांना विचारा. कुणाची वखरणी मागे पडली, पाऊस तोंडावर आला, की तो गावाला सांगायचा. ठरल्या दिवशी भल्या पहाटे दहा-पंधरा जोड्या त्याच्या वावरात उतरायच्या. मजुरी नाही, शेतमालकाने जेवण घालायचं, तेही चांगलंचुंगलं. दिवस मावळला की जोड्या आपापल्या घरी. त्या दिवसापुरतं वावर सगळ्यांचं. कुणाचा बैल खिल्लारी, कुणाचा गावरान, कुणाचं वखर जड, कुणाचं हलकं. कुणी कुणाला तुझं वखर माझ्यासारखं कर म्हणत नसे.

आपण चित्रकारांचा गट म्हटला की गाण्यातलं घराणं समजतो. एक गुरू, एक चाल, सगळ्यांचा गळा एका वळणाचा. मग प्रदर्शनात ते साम्य शोधतो, सापडत नाही, आणि हे काही जमलं नाही म्हणून बाहेर पडतो. गट हे घराणं नव्हेच. ती इर्जिक आहे. दालनाचं भाडं एकट्याला झेपत नाही, कॅटलॉग एकट्याला छापवत नाही, एकट्याकडे वर्तमानपत्रवाला फिरकत नाही. म्हणून सगळ्यांनी एका वावरात उतरायचं.

सरांनी तीन इर्जिका निवडल्या आहेत: लंडन १९२९, मुंबई १९४९ आणि दिल्ली १९६३. मी मधल्या इर्जिकीपासून सुरुवात करतो, कारण तिच्यात आपला माणूस आहे.

१९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. सुरुवातीला तिघे होते, फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा आणि कृष्णाजी हौळाजी आरा. मग आणखी तिघे आले. एम. एफ. हुसेनना सूझांनी आणलं, आणि त्यांच्या जोडीने सदानंद बाकरे आणि हरी अंबादास गाडे. सहा जण, आणि सहाही सहा दिशांचे. सूझा गोव्यातल्या साळगावचे. १९४५ मध्ये त्यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकलं होतं. हुसेन पंढरपुरात जन्मलेले, सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरणारे. आरा हैदराबादकडचे, मुंबईत घरकाम करत, मोटारी धूत चित्रं काढणारे. बाकरे एकटे शिल्पकार. रझा मध्य प्रांतातल्या जंगलभागातले, नागपूरच्या कलाशाळेत शिकून मुंबईला आलेले. जे. जे.त पोहोचायला उशीर झाला, प्रवेश हुकला, तेव्हा त्यांनी एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी धरली. म्हणजे छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या कारखान्यात. पुढे पॅरिसमध्ये नाव काढलेल्या या चित्रकाराचा मुंबईतला पहिला पगार छपाईच्या धंद्यातला होता, ही गोष्ट सरांनी लाल शाईने अधोरेखित केली आहे, आणि ते योग्यच आहे.

आता गाडे. यांचं नाव घेतलं की मुंबईतले जाणकारही क्षणभर आठवतात. जन्म १९१७, गाव तळेगाव दशासर, जिल्हा अमरावती. तेच ते शंकरपटाचं तळेगाव. विज्ञानाचे पदवीधर, काही काळ शिक्षक, नागपूरला चित्रकलेचं शिक्षण. हुसेनांचे घोडे आणि सूझांचे काळ्या जाड रेषांतले चेहरे लोकांच्या डोळ्यांत बसले, गाडे मागे राहिले. त्यांची निसर्गचित्रं मात्र शांतपणे पाहा. घराचं छप्पर आहे, झाड आहे, उतार आहे, पण हे सगळं रंगांच्या तुकड्यांत मांडलंय, भूमितीचा पेपर सोडवताना उन्हाची तिरीप वहीवर पडावी तसं. गणित येणाऱ्या माणसाची चित्रं आहेत ती. गटातल्या सहांत आवाज सर्वांत कमी त्यांचा, आणि मला विचाराल तर कितीतरी जणांपेक्षा त्यांना रंगाचं वजन अधिक कळत होतं. वऱ्हाडी म्हणून बोलतोय असं कुणी म्हणालं तर म्हणू दे.

जुलै १९४९ मध्ये मुंबईच्या रॅम्पार्ट रोवर बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात या सहांचं प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला मुल्कराज आनंद. जहांगीर आर्ट गॅलरी तेव्हा नव्हती, ती १९५२ ची. कॅटलॉगला प्रस्तावना सूझांनी लिहिली होती. तिचा मथितार्थ असा की आम्हाला कुठल्याही जुन्या शैलीचं पुनरुज्जीवन करायचं नाही, विषय आणि तंत्र दोन्हींत आम्ही मोकळे आहोत, बंधन असेल तर ते रंगरेषांच्या मूळ नियमांचं. म्हणजे घराणं नाही असं त्यांनी स्वतःच, पहिल्याच पानावर सांगून टाकलं होतं.

या मुलांच्या पाठीशी उभी राहिलेली माणसं कोण होती, तेही पाहण्यासारखं आहे. वॉल्टर लँगहॅमर, रुडी फॉन लायडन, इमॅन्युएल श्लेसिंगर, तिघेही हिटलरच्या छायेतून निसटून मुंबईला आलेले. लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियात कलादिग्दर्शक, फॉन लायडन समीक्षक, श्लेसिंगर औषधाच्या धंद्यातले आणि चित्रं विकत घेणारे. इर्जिकीला जेवण लागतं. ते या तिघांनी घातलं.

१९४९ सालीच सूझा लंडनला निघून गेले. पुढच्या वर्षी रझा पॅरिसला. १९५१ मध्ये बाकरे लंडनला. नवे लोक आले: नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे, मोहन सामंत, कृष्ण खन्ना. १९५३ च्या प्रदर्शनात कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये होत्या, गटातल्या एकट्या बाई. पुढे त्या भानू अथैया म्हणून सिनेमात गेल्या आणि 'गांधी'च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो या ब्रिटिश सहकाऱ्यासह त्यांना ऑस्कर मिळालं. चित्रकलेने एक चांगली चित्रकार गमावली, एवढंच इथे म्हणतो. १९५६ पर्यंत गट संपला.

इथे सरांचं आणि माझं जमत नाही. त्यांनी लिहिलंय की आपल्या लोकांना एकत्र राहता येत नाही, अहंकार आडवा येतो, गट फुटतो. सर, इर्जिक फुटत नाही, संपते. दिवस मावळल्यावर जोडी घेऊन घरी गेलेल्या माणसाला आपण फुटीर म्हणतो का?

सूझांचं लंडनमध्ये काय झालं ते मुलांनी मुद्दाम वाचावं. पहिली काही वर्षं हाल. १९५५ मध्ये 'एन्काउंटर' मासिकात त्यांचा आत्मकथनपर लेख आला, त्याच वर्षी व्हिक्टर मसग्रेव्ह यांच्या गॅलरी वनमध्ये प्रदर्शन लागलं आणि चित्रं विकली गेली. १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी ब्रिटनतर्फे ज्या पाच चित्रकारांची निवड झाली, त्यांत साळगावचा हा माणूस होता. त्यांचं १९५९ चं 'क्रुसिफिक्शन' लंडनच्या टेटच्या संग्रहात आहे. २०१८ मध्ये टेट ब्रिटनने बेकन, फ्रॉइड आणि त्यांच्या काळातल्या चित्रकारांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तिथेही सूझा होते. आधुनिक ब्रिटिश चित्रकार म्हणून भिंतीवर पाटी लागते, तिच्याखाली गोव्याच्या चर्चमधल्या रक्तबंबाळ ख्रिस्ताची आठवण घेऊन आलेला माणूस उभा असतो. मग तो कुणाचा? साळगावचा, मुंबईचा की लंडनचा? वावर कुणाचं हे सातबाऱ्यावर असतं. इर्जिकीत कोण कोण राबलं हे सातबाऱ्यावर नसतं.

बाकऱ्यांची गोष्ट उलटी. तेही लंडनला गेले, मिळेल ती कामं केली, शिल्पाबरोबर चित्रंही करू लागले, १९५९ मध्ये त्याच गॅलरी वनमध्ये त्यांचं प्रदर्शन झालं. मग सत्तरच्या दशकात ते परत आले, आणि मुंबईला न थांबता थेट दापोलीजवळ मुरुडला जाऊन राहिले. २००७ मध्ये तिथेच गेले. मधल्या तीसेक वर्षांत कोकणात सुट्टीला गेलेले किती मराठी लोक त्यांच्या घरावरून समुद्रावर गेले असतील. सरांकडे त्यांच्या एका शिल्पाचा फोटो आहे, झेरॉक्सची झेरॉक्स, इतकी काळी की शिल्प कुठलं आणि सावली कुठली कळत नाही. तो तसाच छापला आहे.

आता १९२९. लंडनच्या रेडफर्न गॅलरीत 'ब्रिटिश लिनोकट'चं, म्हणजे लिनो कोरून घेतलेल्या छापांचं, पहिलं प्रदर्शन भरलं. त्यामागचा माणूस क्लॉड फ्लाइट. पिम्लिकोतल्या ग्रोव्हनर स्कूलमध्ये तो लिनोकट शिकवायचा. सिरिल पॉवर, सिबिल अँड्र्यूज ही त्याच्या भोवतालची मंडळी. भुयारी रेल्वे, धावणाऱ्या मोटारी, वल्ही मारणारे खेळाडू, सगळं वेगात, वळत, भिरभिरत. पुढे या मेळ्यात स्वित्झर्लंडची लिल चुडी आली, ऑस्ट्रेलियाची एथेल स्पाउअर्स आली. पाटी मात्र ब्रिटिशच. फ्लाइटचं म्हणणं होतं की साध्या माणसाला बिअर किंवा सिनेमाच्या तिकिटाला जे पैसे पडतात तेवढ्यात त्याला चित्र घेता आलं पाहिजे. म्हणून त्याने लिनो धरला. हे स्वस्त काम, प्रेस लागत नाही, हत्यारं घरी होतात. तो छत्रीची काडी घासून तिची गोल छिन्नी करायचा.

हे वाचून मी पुस्तिका खाली ठेवली. कारण सरांच्या वर्गात आम्हीही छत्रीची काडीच वापरली. सरांनी फ्लाइटचं नावही तेव्हा ऐकलं नव्हतं, ते त्यांना रद्दीत सापडलं निवृत्तीनंतर. काडीचा आडवा छेद पन्हळीसारखा असतो. टोक दगडावर घासलं की धार येते, मागे लाकडाची मूठ बसवायची, आणि ती लिनोत दाबून पुढे ढकलली की बारीक सालीसारखा तुकडा वळत वर येतो. लिनोचा तुकडा आधी उन्हात ठेवायचा, म्हणजे मऊ पडतो. थंडीच्या सकाळी कापायला घेतला की छिन्नी सटकून डाव्या हाताच्या अंगठ्यात. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमधून काळी शाई पेढ्याएवढी मागून आणायची. काचेवर रोलरने ती पसरताना चिटचिट असा आवाज येऊ लागला की समजायचं, जमली. मग लिनोवर शाई, शाईवर कागद, आणि कागदाच्या पाठीवर पळीच्या बुडाने गोल गोल घासायचं. घाई केली की मध्ये पांढरं राहतं.

आणि हा लिनो कशाचा? जवसाचा. जवसाचं तेल घट्ट करून त्यात बुचाचा भुसा कालवून गोणपाटावर थापलेला, इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात फरशीवर अंथरायला काढलेला माल. छपाईची जुनी शाई जवसाच्या तेलातली. तैलरंग जवसाच्या तेलातले. ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो त्या जवसावर ही सगळी कला उभी आहे. सर हे वर्गात सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास म्हणायचं, "मंग सर, इंग्रज चटणी खात व्हते काय?" सरांनी या प्रश्नाचं उत्तर पुस्तिकेतही दिलेलं नाही.

मुद्राचित्राबद्दल एक गोष्ट मुलांनी ध्यानात ठेवावी. त्याच्या खाली पेन्सिलने ३/१० असं काही लिहिलेलं असतं. हा गुण नव्हे! दहा छापांपैकी हा तिसरा, असा त्याचा अर्थ. दहाही छाप अस्सलच. कॅलेंडर हे चित्राचं चित्र. मुद्राचित्राला दुसरं मूळ नसतं, तो कागद हेच मूळ. गटप्रदर्शनात रंगचित्रांच्या शेजारी हे छाप बारके दिसतात, लोक पुढे सरकतात. तिथे थांबा. नाक कागदाला लागेल इतकं जवळ जा.

तिसरी इर्जिक दिल्लीची, आणि तीही अकोल्याची म्हणायला हरकत नाही. १९६२ मध्ये भावनगरला एका घरी बारा कलावंत जमले. घराचा क्रमांक १८९०, म्हणून गटाचं नाव ग्रुप १८९०. ऑक्टोबर १९६३ मध्ये रवींद्र भवनात प्रदर्शन भरलं, उद्घाटन पंडित नेहरूंनी केलं, कॅटलॉगला प्रस्तावना ऑक्टाव्हियो पाझ यांची. ते तेव्हा मेक्सिकोचे राजदूत म्हणून भारतात होते. जे. स्वामीनाथन, जेराम पटेल, गुलाममोहम्मद शेख, मुद्राचित्रणात पुढे मोठं काम केलेले ज्योती भट्ट, आणि अंबादास. अंबादास खोब्रागडे, जन्म १९२२, अकोला. जे. जे.त शिकले, विणकर सेवा केंद्रात नोकरी केली, सत्तरच्या दशकात नॉर्वेला गेले आणि २०१२ मध्ये ऑस्लोत वारले. त्यांच्या कॅनव्हासवर माणूस नाही, झाड नाही. पातळ रंगाचे वळत, वाहत जाणारे पट्टे आहेत, पुराच्या पाण्याने गाळावर सोडलेल्या खुणांसारखे. ग्रुप १८९० ने हे एकच प्रदर्शन भरवलं. एक दिवस, एक वावर.

आता नावांची गोष्ट. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, हे आपल्याकडे शाळेच्या भाषणांत नेहमी येतं. तिथल्या वाकाटक राजा हरिषेणाच्या मंत्र्याने, वराहदेवाने, अजिंठ्याचं सोळावं लेणं करवून घेतलं. तिथे रंगवणाऱ्या हातांची नावं कुणालाच माहीत नाहीत. १८७२ पासून जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन कित्येक हिवाळे त्या भिंतींच्या नकला करत बसले. त्यांतल्या बऱ्याच नकला १८८५ साली लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ निघाला, त्यावर नाव ग्रिफिथ्स यांचं. मूळ काढणारे बेनाम, नकला करणाऱ्या पोरांचं नाव मुखपृष्ठावर नाही. गटप्रदर्शनाची खरी नवलाई मला इथे दिसते. राबणारे पुष्कळ, आणि प्रत्येकाच्या चित्राखाली त्याच्या नावाची चिठ्ठी.

म्हणून या पुस्तिकेच्या शेवटी सरांच्या विद्यार्थ्यांचे जे चौदा लिनोकट छापले आहेत, त्यांतल्या प्रत्येकाखाली नाव आणि इयत्ता घालायचा हट्ट मी धरला. जागा पुरत नव्हती, अक्षर लहान केलं. बैल आहेत, स्टेशन आहे, सोयाबीनचं मळणीयंत्र आहे, एक मोबाइल टॉवर आहे. एकाचं दुसऱ्याशी जमत नाही. ते तसंच ठेवलं आहे.

पहिल्या पानावरचा छाप आठवीतल्या एका मुलीचा. तिने लिनोवर गावाचं नाव कोरलं, सुबक, शिरोरेषेसह, पण पाटीवर लिहितात तसं सरळ. छापल्यावर ते उलटं आलं. सर म्हणाले, पुन्हा कोर. ती म्हणाली, नाही सर, असंच राहू द्या. छापखान्यानेही फोन करून विचारलं की चूक दुरुस्त करायची का. करू नका म्हणून सांगितलं. ते पान मुद्दाम पातळ कागदाचं घेतलं आहे. उजेडाकडे धरून मागच्या बाजूने पाहिलं की जऊळका नीट वाचता येतं.